मदत कोणाच्या दावणीला?

नैसर्गिक आपत्ती गरीब-श्रीमंत पाहत नाही, हे वाक्य आपण शाळेच्या पुस्तकापासून ऐकत आलो आहोत. अवर्षण सगळ्यांच्याच शिवारावर येते, हिमवादळ सगळ्यांच्याच कुरणावर कोसळते, इतपत ते खरेही आहे. पण आपत्तीच्या मागोमाग सरकारी मदत येते, आणि ती मात्र पाहून येते. तिचा पहिला प्रश्न असतो : तुझे काय गेले? ज्याच्याजवळ जाण्यासारखे काही होते, त्याच्यापाशी या प्रश्नाला उत्तर असते. ज्याचे सारे आधीच गेले, तो गप्प राहतो, आणि सरकारी कागदावर त्याचे नुकसान शून्य असे नोंदले जाते. म्हणून मदतीचा इतिहास आपत्तीच्या दिवसापासून लिहून चालत नाही. त्याआधी जमीन आणि जनावर कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले, तेथून तो लिहावा लागतो.

हे विधान तपासण्यासाठी येथे मुद्दाम दूरचे उदाहरण घेतले आहे. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात सू काउंटी नावाचा एक ग्रामीण भाग आहे. काउंटी हा आपल्या जिल्ह्याशी ढोबळमानाने तुलना करता येईल असा कारभाराचा घटक. १९१४ साली ही काउंटी स्थापन झाली. फोर्ट येट्स हे तिचे मुख्य ठाणे. सगळी काउंटी स्टँडिंग रॉक रिझर्व्हेशनच्या हद्दीत येते. आपल्याकडे 'रिझर्व्हेशन' म्हटले की शिक्षणातली वा नोकरीतली राखीव जागा डोळ्यांसमोर येते. तिथे त्या शब्दाचा अर्थ, मूळ रहिवाशांना अफाट प्रदेशातून हुसकून ज्या तुकड्यात बसवले तो तुकडा, असा आहे. स्टँडिंग रॉक हा लाकोटा आणि डकोटा लोकांचा असा तुकडा आहे. तो नॉर्थ आणि साउथ डकोटा या दोन्ही राज्यांत पसरला आहे. गवताळ माळ, कडक हिवाळा, अपुरा पाऊस आणि गुरे हे तिथल्या जगण्याचे चार खांब.

१

या माळावर गाई येण्याआधी बायसन होते. लाकोटांचे अन्न, वस्त्र, निवारा सारे बायसनवर चाले. १८६८ च्या फोर्ट लॅरामी तहाने अमेरिकन सरकारने मिझुरी नदीच्या पश्चिमेचा मोठा मुलूख लाकोटांचा म्हणून मान्य केला. ब्लॅक हिल्समध्ये सोने सापडले आणि १८७७ साली ते डोंगर काढून घेण्यात आले. १८७०-८० च्या काळात बायसनचे कळप कातड्यासाठी जवळजवळ संपवण्यात आले. १८८९ साली उरलेला मुलूख तोडून त्याचे लहान लहान राखीव प्रदेश केले, त्यांतलाच एक स्टँडिंग रॉक.

त्याच सुमारास १८८७ चा डॉज कायदा आला. सामुदायिक जमिनीचे माणशी तुकडे पाडायचे आणि वाटून उरलेली जमीन 'जादा' ठरवून बाहेरच्यांना खुली करायची, असा त्याचा मार्ग होता. स्टँडिंग रॉकची अशी 'जादा' जमीन १९०८ आणि १९१३ च्या कायद्यांनी गोऱ्या वसाहतवाल्यांना खुली झाली. साऱ्या देशाचा हिशेब असा : १८८७ साली मूळ अमेरिकनांच्या हाती सुमारे १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती. १९३४ साली ती सुमारे ४ कोटी ८० लाख एकर उरली. सत्तेचाळीस वर्षांत ९ कोटी एकर जमीन गेली, आणि तीही कायद्याने, रजिस्टरात नोंद होऊन.

जी उरली तीही मोकळी नव्हती. तिच्यापैकी बरीचशी सरकारच्या विश्वस्तपणाखाली होती. मालक मेला की ती वारसांत वाटली जाई, आणि दोन-तीन पिढ्यांत एकाच तुकड्याचे डझनावारी हिस्सेदार होत. अशी जमीन सहजी गहाण ठेवता येत नसे, कसायची तर साऱ्यांच्या सह्या लागत. मग सरकारी एजंटाच्या हातून ती शेजारच्या गोऱ्या गुरेवाल्याला भाडेपट्ट्याने देणे हाच सोपा मार्ग ठरे. महार वतनाचा इतिहास ज्यांना माहीत आहे त्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. नाव आपले आणि अधिकार दुसऱ्याचा, अशी जमीन आपल्या वाडवडिलांनीही पाहिली आहे. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच जोखडातून माणूस सोडवण्यासाठी, आणि ती वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले.

बायसन गेल्यावर लाकोटांनी गाई पाळल्या नाहीत असे नाही. ते उत्तम घोडेस्वार होते, गुरांच्या धंद्यात ते लवकर रुळले. पाइन रिज राखीव प्रदेशात त्यांचे चांगले कळप उभे राहिले होते. पहिल्या महायुद्धात भाव चढले. एजंटांच्या प्रोत्साहनाने ते कळप विकले गेले आणि मोकळी झालेली कुरणे बाहेरच्या गुरेवाल्यांना भाड्याने गेली. पैसा संपला, कळप परत आला नाही. माळ तोच राहिला, त्यावर चरणाऱ्या गुरांवरचा डाग मात्र दुसऱ्याच्या नावाचा झाला.

२

या पार्श्वभूमीवर १९३४ चा दुष्काळ पाहावा लागतो. त्या वर्षी अमेरिकेचा मधला सारा पट्टा करपला. चारा नाही, पाणी नाही, आणि महामंदीमुळे गुरांना बाजार नाही. रूझवेल्ट सरकारने जून १९३४ मध्ये आणीबाणीची गुरेखरेदी सुरू केली. शेतीखात्याने काउंटीनिहाय 'आणीबाणीचे दुष्काळी क्षेत्र' जाहीर करायचे आणि त्या काउंटीतली गुरे सरकारने विकत घ्यायची. पुढच्या वर्षाच्या आरंभापर्यंत सुमारे ८३ लाख गुरे घेतली गेली आणि त्यांवर सुमारे ११ कोटी डॉलर खर्च झाले. दोन वर्षांवरच्या जनावराला १२ ते २० डॉलर आणि वासराला ४ ते ८ डॉलर असा दर होता. खाण्याजोगी जनावरे कत्तलखान्यात जाऊन त्यांचे डबाबंद मांस बेकारांना वाटले गेले. अगदीच खंगलेली जनावरे जागच्या जागी गोळी घालून पुरली.

या योजनेत एक गोष्ट विचारपूर्वक केलेली होती. दराचे दोन भाग होते. एक भाग जनावराची किंमत म्हणून, त्यावर गहाणदार बँकेचा हक्क चाले. दुसरा भाग मालकाला मदत म्हणून, त्याला बँकेने हात लावायचा नाही. सारा पैसा सावकाराच्या घशात जाऊ नये एवढे भान सरकारला होते. हे मान्य केले पाहिजे, कारण तेव्हाचा गोरा लहान गुरेवाला काही सुखात नव्हता. तोही कर्जात बुडालेला होता, त्याचीही मुले उपाशी होती. त्याला मदत मिळाली याबद्दल कोणाचीच तक्रार असू नये. प्रश्न एवढाच आहे की मदतीचे माप काय होते? माप होते 'डोके' – गुराचे डोके. जितकी डोकी, तितके डॉलर. ज्याचा कळप वीस वर्षांपूर्वीच मोडला, ज्याचे कुरण भाड्याने गेले, त्याच्या दुष्काळाला या मापात जागा नव्हती. त्याच्या वाट्याला फार तर डबाबंद मांस.

नंतर सरकारने या खरेदीतली काही चांगली जनावरे राखीव प्रदेशांत नवे कळप उभारण्यासाठी दिली, हेही नोंदवले पाहिजे. ती फुकट नव्हती. पुढे वासरे झाली की तितकी जनावरे परत करायची, अशी अट होती. शेजाऱ्याला जनावर देऊन पैसा मिळाला, लाकोटाला जनावर मिळून देणे झाले. तरीही त्या जनावरांवर अनेक घरे पुन्हा उभी राहिली. म्हणजे कळप पाळण्याची लायकी नव्हती हा आरोप खोटा होता, नव्हते ते भांडवल.

याच काळात नैर्ऋत्येकडच्या नवाहो लोकांवर काय गुदरले तेही पाहिले की 'मदत' या शब्दाचा दुसरा चेहरा दिसतो. नवाहोंच्या माळाची धूप होते, माती वाहून नव्या धरणात गाळ साचेल, म्हणून १९३३ नंतर त्यांच्या शेळ्या-मेंढ्या कमी करण्याची मोहीम निघाली. पैसा दुष्काळ-बेकारी मदतीच्याच खात्यातला. एका शेळीला सुमारे एक डॉलर. कित्येक शेळ्या दरीत मारून तशाच टाकल्या गेल्या. नवाहो समाजात शेळ्या-मेंढ्यांची मालकी बहुतेक बायकांची असे, त्यांचे स्वातंत्र्य त्या कळपावर उभे होते. त्यांना कोणी विचारले नाही. गोऱ्या गुरेवाल्याने जनावर विकायचे की नाही हे त्याने ठरवले, आणि नवाहो बाईचे जनावर विकायचे की नाही हे सरकारने ठरवले. दोन्ही व्यवहार मदतीच्याच पैशातून झाले.

३

स्टँडिंग रॉकवरची पुढची आपत्ती निसर्गाने आणली नाही. १९४४ च्या पिक-स्लोन योजनेखाली मिझुरीवर धरणांची माळ आखली गेली. त्यांतल्या ओआही धरणाचे काम १९४८ साली सुरू झाले आणि १९६२ साली अध्यक्ष केनेडींनी त्याचे उद्घाटन केले. धरणाच्या पाण्याखाली स्टँडिंग रॉकची सुमारे ५६ हजार एकर जमीन गेली. शेजारच्या शायान रिव्हर राखीव प्रदेशाची एक लाख एकराहून अधिक गेली. स्टँडिंग रॉकच्या बुडित गावांतल्या कुटुंबांना १९६० च्या जानेवारीत, ऐन हिवाळ्यात, घरे सोडावी लागली.

ही नदीकाठची जमीन म्हणजे केवळ इतके एकर नव्हती. तिथे झाडी होती, जळण होते, रानफळे होती. आणि गुरेवाल्याच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे हिवाळ्यात वारा अडवणारा आडोसा होता. उत्तरेकडचे वादळ आले की जनावर झाडीत शिरते आणि वाचते. झाडी बुडाली, लोक उघड्या पठारावर गेले. तिथे आडोसा बांधायचा, चारा विकत आणायचा, पाणी उपसायचे, हे सारे पैशाने करावे लागले. लहान कळप या खर्चाला पुरा पडेना. १९५८ साली काँग्रेसने स्टँडिंग रॉकला सुमारे १ कोटी २३ लाख डॉलर नुकसानभरपाई मंजूर केली. ती अपुरी होती हे त्याच काँग्रेसला चौतीस वर्षांनी पटले आणि १९९२ साली आणखी ९ कोटी ६ लाख डॉलरांचा निधी ठरला. पण मधल्या चौतीस वर्षांत जे कळप मोडले, जी मुले शहरात मजुरीला गेली, त्यांची गणती त्यात नाही.

यापुढे एखाद्या हिवाळ्यात वादळाने जनावर मेले तर सरकारी नोंदीत कारण काय लिहिणार? 'वादळ.' धरण असे कोणी लिहीत नाही. आपत्तीचा कागद असाच भरला जातो. शेवटचे कारण लिहिले जाते आणि पहिले गाळले जाते.

४

आता समितीकडे वळू. १९३० च्या दशकापासून अमेरिकेत शेतीच्या योजना काउंटीतल्या शेतकऱ्यांच्या स्थानिक समित्यांमार्फत राबवल्या गेल्या. कागदावर ही लोकशाहीची परमावधी. गावच्या माणसांनी गावच्या माणसांचे ठरवायचे! आपल्या पंचायतीचा अनुभव असलेल्या वाचकाला पुढचे सांगायला नको. समितीत बसतो तो ज्याच्याकडे जमीन, गुरे आणि वेळ आहे तो. शेतीखात्याच्या फार्मर्स होम अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या कर्जे देणाऱ्या शाखेत, कर्जाला पात्र कोण हेही अशा काउंटी समितीच ठरवत. ज्या शेजाऱ्याला तुमचे कुरण भाड्याने हवे आहे, तोच तुमच्या कर्जाच्या अर्जावर बसणार. दक्षिणेतल्या काळ्या शेतकऱ्यांना याच समित्यांनी कसे डावलले, हे नागरी हक्क आयोगाने १९६५ सालीच अहवालात मांडले होते. त्यानंतर तीन दशके शेतकरी तक्रारी करत राहिले, आणि १९८० च्या दशकात तर तक्रारी तपासणारी यंत्रणाच मोडीत काढली गेली.

काळ्या शेतकऱ्यांनी १९९७ साली पिगफर्ड खटला दाखल केला, तो १९९९ साली तडजोडीत मिटला. जुन्या तक्रारींची मुदत संपली होती. काँग्रेसने १९९८ साली कायदा करून ती आडकाठी काढली. मग १९९९ च्या नोव्हेंबरात मूळ अमेरिकन शेतकरी आणि गुरेवाले वॉशिंग्टनच्या न्यायालयात गेले. या खटल्याला कीप्सइगल असे नाव पडले ते जॉर्ज आणि मॅरिलिन कीप्सइगल या फोर्ट येट्सजवळच्या, म्हणजे आपल्या याच सू काउंटीतल्या, गुरेवाल्या दांपत्यावरून. १९८१ पासून मूळ अमेरिकनांना कर्ज नाकारले गेले, उशिरा दिले गेले वा जाचक अटींवर दिले गेले, असा आरोप होता. अकरा वर्षांनी, २०१० साली, सरकारने तडजोड केली : ६८ कोटी डॉलर भरपाई आणि ८ कोटींची कर्जमाफी, एकूण ७६ कोटी.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. सुमारे ३६०० दावे मंजूर झाले, बहुतेकांना प्रत्येकी ५० हजार डॉलर मिळाले, आणि ३८ कोटी डॉलर शिल्लक राहिले. अन्याय झालेले लोक थोडेच होते, असा याचा अर्थ काढणारे निघालेच. पण अर्ज करताच तोंडी नकार मिळालेला माणूस वीस वर्षांनी कोणता कागद दाखवणार? धंदा मोडून निघून गेलेल्याला खटल्याची खबर कोण देणार? शिल्लक रकमेवर पुन्हा वाद झाला. शेवटी मंजूर दावेदारांना थोडी जादा रक्कम देऊन उरलेल्या २६ कोटींहून अधिक डॉलरांचा मूळ अमेरिकनांच्या शेतीसाठी एक न्यास झाला.

कर्ज आणि आपत्ती-मदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे येथे कोणी म्हणेल. त्या एकाच साखळीच्या कड्या आहेत. कर्ज नाही तर कळप नाही, कळप नाही तर मोजायला डोकी नाहीत, आणि डोकी नाहीत तर वादळानंतर धनादेश नाही.

५

दुसऱ्या बाजूला ज्यांच्याकडे डोकी आहेत त्यांना मदत किती सहज मिळते हेही पाहू. २००२-०३ साली अमेरिकेत गुरेवाल्यांसाठी एक भरपाई योजना झाली. अट एवढीच की काउंटी आपत्तीग्रस्त जाहीर झालेली असावी आणि ठरल्या दिवशी तुमच्याकडे गुरे असावीत. नुकसान झाल्याचा पुरावा लागत नव्हता. 'वॉशिंग्टन पोस्ट'ने २००६ साली हिशेब मांडला : एकूण १२० कोटी डॉलरांपैकी सुमारे ६३ कोटी ५० लाख डॉलर दुष्काळ बेताचाच असलेल्या वा मुळीच नसलेल्या भागांत गेले. १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीरांचा बळी घेणारे 'कोलंबिया' यान कोसळले. त्याचे अवशेष टेक्ससच्या ज्या काउंटींत पडले त्या आपत्तीग्रस्त जाहीर झाल्या होत्या, आणि तेवढ्यावर तिथल्या गुरेवाल्यांनाही पैसे मिळाले. एका गाईलाही धक्का लागलेला नसताना!

खरोखर गाई मेल्या तेव्हा काय झाले? २०१३ च्या ३ ते ५ ऑक्टोबरला 'अ‍ॅटलस' नावाच्या वादळाने पश्चिम साउथ डकोटा झोडपून काढला. गुरे अजून उन्हाळी कुरणात होती, अंगावर हिवाळ्याचे केस आलेले नव्हते. आधी पाऊस, मग बर्फ. हजारो गुरे मेली. त्याच वेळी अर्थसंकल्पाच्या भांडणात १ ते १६ ऑक्टोबर केंद्र सरकारचा कारभारच बंद होता, शेतीखात्याच्या काउंटी कचेऱ्यांना कुलूप होते. गुरांच्या भरपाईची योजनाही २०११ सालीच संपलेली होती. २०१४ च्या फेब्रुवारीत नवा शेती कायदा झाला, त्याने मागील तारखेपासून भरपाई मान्य केली : मेलेल्या जनावराच्या सरासरी बाजारभावाच्या ७५ टक्के. अर्ज घेणे सुरू झाले ते एप्रिलच्या मध्यात. सहा महिने ज्याला दम धरता आला, ज्याच्याकडे कळपाच्या नोंदी, छायाचित्रे, खरेदीच्या पावत्या होत्या, त्याला ही भरपाई उपयोगी पडली. रँचवर मजुरी करणाऱ्याचा बुडालेला रोज लिहायला मात्र त्या अर्जात रकाना नाही.

आपल्या गावगाड्यात जिवंत जनावर मालकाचे आणि मेलेले महाराचे, अशी वाटणी होती. ते ओढून नेणे हे त्याच्या जातीवर लादलेले काम, आणि त्याचे मांस हा त्याचा 'हक्क'! १९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी हा हक्क लाथाडायला सांगितले. तिथे मेलेल्या जनावराचीही किंमत मालकालाच मिळते. दोन्हीकडच्या चाली उलट दिसतात, पण जनावर जिवंत असताना ते कोणाच्या दावणीला होते, यावरच दोन्हीकडचा निवाडा होतो.

६

२०२१ साली अमेरिकन काँग्रेसने वंशभेदाची झळ पोचलेल्या शेतकऱ्यांची कर्जे माफ करण्यासाठी सुमारे ४०० कोटी डॉलरांची तरतूद केली. गोरे शेतकरी न्यायालयात गेले : हा आमच्यावर वंशभेद आहे! न्यायालयांनी स्थगिती दिली आणि २०२२ साली ती तरतूद रद्द झाली. तिच्या जागी, वंशाचे नाव न घेता, शेतीकर्जात भेदभाव सोसलेल्यांसाठी निधी ठेवला गेला. त्यातून २०२४ च्या जुलैत ४३ हजारांहून अधिक लोकांना सुमारे २०० कोटी डॉलर मिळाले. हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. शंभर वर्षे जात पाहून घेतलेले परत करायची वेळ आली की 'जात पाहू नका' असे सांगितले जाते. डोकी मोजणारी मदत वंश पाहत नाही, म्हणून ती निःपक्षपाती ठरते. ती डोकी कशी जमली हे पाहू म्हणणारा मात्र पक्षपाती ठरतो.

मग मदत कोणत्या मापाने मोजावी? महाराष्ट्राने एक माप घालून दिले आहे. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि १९७९ साली तो अमलात आला. तिच्या अंमलबजावणीतले दोष सर्वांना ठाऊक आहेत. पण तिने दाराशी आलेल्या माणसाला सातबारा विचारला नाही, दावणीला किती जनावरे हे विचारले नाही. काम मागतोस का, एवढेच विचारले. तिचे माप माणसाचे श्रम हे होते. त्याच महाराष्ट्रात २०१८-१९ च्या दुष्काळात चारा छावण्या निघाल्या तेव्हा अनुदान दर जनावरामागे, दर दिवसाला मोजले गेले. गुरे जगली, ते आवश्यकच होते. पण ज्याच्या दावणीला काहीच नाही अशा भूमिहीनाला छावणीत फार तर चारा टाकण्याचे काम होते.

आपल्या कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी आपापल्या तालुक्यात हे काम हाती घ्यावे. गेल्या एखाद्या दुष्काळातल्या वा गारपिटीतल्या मदतीच्या याद्या तहसिलातून मागवाव्यात. माहितीच्या अधिकाराने त्या मिळतात. यादीत कोणाची नावे आहेत हे पाहावेच, पण नंतर ती यादी घेऊन दलित वस्तीत, पारधी-वडारांच्या पालावर जावे आणि यादीत नसलेली नावे दुसऱ्या कागदावर उतरवावीत. प्रत्येक नावापुढे एकच गोष्ट लिहावी : या घराकडे जमीन वा जनावर नाही ते कधीपासून, आणि का. आपत्तीचा खरा पंचनामा त्या दुसऱ्या कागदावर सुरू होतो.